बारवेतली फोर्ड

उंबरवाडी, तेलगावच्या पलीकडे
१२ फेब्रुवारी १९७३

प्रिय वाहेद,

रामराम आणि सलाम, दोन्ही घे. एरवी मी कार्डावर भागवतो. आज अंतर्देशीय घेतलं, तेव्हाच ओळख की गहिनीनाथचं काहीतरी अडलंय.

आमच्या सोसायटीचं डिझेल इंजिन बसलं. क्रँक तुटली. तेलगावचा फिटर म्हणतो, नवी यायला तीन महिने लागतील, आणि वर म्हणतो, तोवर दम धरा. दम कशावर धरायचा? गावातल्या सगळ्या विहिरींचे तळ उघडे पडलेत. पाणी आहे ते एकट्या बारवेत, चाळीस पायऱ्या खाली. इंजिन चालायचं तेव्हा ते वर हौदात यायचं, माणसं भरायची, जनावरं प्यायची. आता दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायका घागरी घेऊन त्या पायऱ्या चढतात. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. कुणीतरी पडेल या धास्तीनं मी वर उभा राहतो, जसा काही मी कुणाला झेलणार आहे.

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून लोक माझ्या तोंडाकडे बघतात. चेअरमन मोहनराव बीडला दोनदा जाऊन आले. टँकर मंजूर आहे, फक्त आलेला नाही.

निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हापासून तू मोटारी उघडतोस आणि मी अर्ज लिहितो. माझ्या अर्जांनी पाणी वर येत नाही. तुझ्या गॅरेजात एखादं जुनंपानं इंजिन पडलं असेल तर कळव. मोटारीचं चालेल का? पट्टा लावून पंप फिरला म्हणजे झालं. आई तुझी आठवण काढते.

तुझा
गहिनीनाथ


बशीरगंज, बीड
१८ फेब्रुवारी १९७३

यार गहिनी,

हे पत्र माझी बेटी फरीदा लिहितेय, बोलतोय मी. ती शाळेत मुलींना शिकवते, तिचं मराठी सरळ चालतं. माझं अजून उजवीकडून डावीकडं पळतं.

मोटारीचं इंजिन चालेल का म्हणून विचारतोस? मोटारीचं इंजिन काय नाही चालवत, ते विचार. तीन इंजिनं डोळ्यांपुढं आणली. अँबेसेडरचं विलायतेच्या मॉरिसच्या घराण्यातलं, स्वभावानं सज्जन, पण मोकळं पडलेलं माझ्याकडं नाही. जीपचं हरिकेन काटक, कुठंही राबतं, पण ते गिऱ्हाइकाच्या जीपमध्ये आहे. काढून तुला दिलं तर तो मलाच पट्ट्याला बांधील. राहिली माझी फोर्ड.

गॅरेजच्या मागं लिंबाखाली एक काळी गाडी उभी असायची, आठवते? बॉडी केव्हाच भंगारात गेली. इंजिन मी ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून ठेवलंय. व्ही एट. उस्ताद पंडित मिस्त्रींनी जाताना माझ्या हवाली केलं. उस्ताद स्वतः शिकले फोर्डच्या टी मॉडेलवर. त्याचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बोल्ट काढले की अलग व्हायचं, म्हणून खेड्यातला लोहारसुद्धा त्यात हात घालू शकला. उस्ताद म्हणायचे, गरिबाला मोटार मिळाली ती त्या बोल्टांमुळं. मग बत्तीस साली फोर्डनं आठही सिलिंडर एकाच ठोकळ्यात ओतले, चार इकडं, चार तिकडं. तोवर आठ सिलिंडर म्हणजे राजे-नवाबांची चैन. त्यानंतर साधा कंत्राटदारही त्यात बसू लागला. आता उंबरवाडीच्या म्हशी त्याच्या जिवावर पाणी पितील. उस्तादांना हे लई आवडलं असतं.

एक खोड आहे, आत्ताच सांगतो. ते तापतं. त्याचा धूर ठोकळ्याच्या पोटातूनच बाहेर जातो, म्हणून आतलं पाणी भराभर गरम होतं. रस्त्यावर वारा तरी लागतो, तुझ्या बारवेत तोही नाही. शेजारी पाण्याचा पिंप ठेवू, त्यातलं पाणी फिरतं राहील. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, कमी आहे, म्हणून पेट्रोलवर चालू करून नंतर रॉकेलवर घेता येईल. रॉकेलचा परवाना मोहनरावांना काढायला सांग.

शुक्रवारी पेंडीचा ट्रक तेलगावला येतोय. त्यात मी आणि फोर्ड दोघं येतो. बैलगाडी पाठव.

वाहेद


उंबरवाडी
८ मार्च १९७३

प्रिय वाहेद,

तू बसवून गेलास त्याला आज अकरा दिवस झाले. फोर्ड रोज सात-आठ तास चालते. बारवेच्या मधल्या टप्प्यावर ती धडधडायला लागली की वर पारावर बसलेल्यांच्या बुडाखाली दगड हलतो. हौद भरतो. शेजारच्या दोन वाड्यांची जनावरंही आता आमच्याकडं येतात. मोहनरावांनी हौदाला पांढरा रंग दिला आणि स्वतःचं नाव घातलं. तुझं नाव घालायला जागा उरली नाही म्हणाले.

पिंपावरून मात्र कटकट झाली. पहिल्या दिवशी हँडल मारायला ठेवलेला म्हाळू म्हणाला, "माणसं तहानलेली अन् यंत्राला आधी पिंपभर? असलं कसलं ह्ये इंजिन, पावन्यावानी आधी त्येलाच पाणी!" मी त्याला समजावलं की ते पाणी इंजिन पीत नाही, फक्त फिरवतं. त्यानं दोन दिवस पिंपात काठी बुडवून पातळी मोजली, मग गप्प बसला.

आईचा जीव तर फोर्डवर जडलाय. रोज विचारते, "आज किती येळ चाललं? लई तापलं का?" बैलाची चौकशी करावी तशी. तू दोन दिवस आमच्याकडं जेवलास, रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी बघून तोंड वाकडं केलं नाहीस, म्हणून तुझंही कौतुक चालू आहे.

मला मात्र झोप नाही. धडधड जरा बदलली की मी पायऱ्या उतरतो. खरंच काही सांगायचं राहिलं असेल तर लिही. एवढं गाव त्या एका लोखंडावर टेकलंय.

तुझा
गहिनीनाथ


बशीरगंज, बीड
१५ मार्च १९७३

यार गहिनी,

धास्तावू नकोस, पण बेफिकीरही होऊ नकोस. तेल रोज बघ. पट्टा सैल वाटला तर हात घालू नको, आधी बंद कर. पिंपातलं पाणी हाताला सोसवेना झालं की अर्धा तास विसावा दे.

आणि एक गोष्ट मी तिथं बोलायची विसरलो, जी उस्तादांनी मला पहिल्या दिवशी सांगितली होती. इंजिन तापलेलं असताना त्याच्या अंगावर गार पाणी पडू द्यायचं नाही. ओतीव लोखंड तापलं की फुगतं. एका बाजूला गार पाणी बसलं की तेवढंच आकसतं आणि ठोकळ्याला चीर जाते. चीर गेली की संपलं, ओतीव लोखंडाला सांधा धरत नाही. हे सगळ्यांना वाचून दाखव. नुसतं सांगू नको, वाचून दाखव, म्हणजे मिस्त्रीचं म्हणणं म्हणून ऐकतील.

इकडं बरं चाललंय. फोर्डची बातमी पसरली. तीन गावच्या सोसायट्यांनी त्यांची इंजिनं माझ्याकडं दुरुस्तीला पाठवली. फरीदा म्हणते, अब्बा, आता पाटी लावा. मी म्हटलं, उंबरवाडीची फोर्ड हीच माझी पाटी.

वाहेद


उंबरवाडी
९ एप्रिल १९७३

प्रिय वाहेद,

कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. फोर्ड बंद पडली.

पाडव्यापासूनच तिचा आवाज बदलला होता. तेलात पाणी दिसायला लागलं, तेल दह्यासारखं पांढरं झालं. परवा ती दोनदा अडखळली आणि थांबली. हँडल मारून मारून म्हाळूचे हात सुजले. ठोकळ्याला चीर गेली आहे.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं होतं. तेल रोज बघत होतो. कशानं झालं ते सांगता येत नाही. जुनं लोखंड, कधीतरी दमणारच, असं लोक म्हणतात.

बायका पुन्हा पायऱ्या उतरायला लागल्यात.

गहिनीनाथ


बशीरगंज, बीड
१३ एप्रिल १९७३

गहिनी,

तुझं पत्र आल्यापासून मी त्या इंजिनाशिवाय दुसरा विचार केलेला नाही. जुनं लोखंड असं आपोआप दमत नाही. चाळीस वर्षांचं असलं तरी नाही.

मला एकच सांग. चीर कुठं आहे? आतल्या बाजूला, वाल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडं गेलेली असेल तर दोष माझा. मी हेड बसवताना बोल्ट आवळले, त्यात माझा हात जास्त गेला असेल किंवा सिलिंडर आतून बोअर करताना त्याची भिंत पातळ झाली असेल. चीर बाहेरच्या अंगाला असेल तर गोष्ट वेगळी. मग वरून काही झालं असणार. बाहेरून बोट फिरवलंस तरी कळेल. मिनिटभराचं काम आहे.

बोल्ट आवळताना मी मोजून आवळले होते, असं मला वाटतं. आता शपथ घ्यायची वेळ आली तर घेता येईल का, माहीत नाही. वय झालं की हाताला किती जोर लागतोय ते मनाला उशिरा कळतं.

उत्तर लगेच टाक. नाहीतर मीच येतो, डोळ्यांनी बघतो.

वाहेद


उंबरवाडी
२५ एप्रिल १९७३

प्रिय वाहेद,

उशीर झाला. इकडं वातावरण तापलंय. चीर नीट दिसत नाही, काजळी फार बसली आहे.

तू येऊ नकोस. लोक चिडलेले आहेत. गेल्या आठवड्यात केसरबाई भरलेल्या घागरीसकट सहा पायऱ्या घसरली, हात मोडला. तिच्या नवऱ्यानं पारावर सगळ्यांदेखत तुझ्या नावानं बोटं मोडली. मी तिथून उठून घरी आलो.

बावीस तारखेला सोसायटीची सभा झाली. कुणीतरी जबाबदार हवं होतं. मोहनराव म्हणाले, "भंगारातलं इंजिन गळ्यात मारलं, दुसरं काय?" मग ठराव झाला की मिस्त्री वाहेद यांच्या कामातील दोषामुळे इंजिन निकामी झाले, सबब यापुढे सोसायटीचे कोणतेही काम त्यांना देऊ नये. ठराव माझ्या अक्षरात आहे, कारण सेक्रेटरी मी आहे. ते माझं मत आहे असं समजू नकोस.

थोडे दिवस जाऊ दे. पाऊस पडला की लोक विसरतील.

गहिनीनाथ


बशीरगंज, बीड
१० मे १९७३

गहिनीनाथ चाचा, आदाब.

आजवर अब्बा बोलायचे आणि मी लिहायची. हे पत्र मी माझ्या मनानं लिहितेय, त्यांना माहीत नाही.

तुमच्या ठरावाची नक्कल इथल्या बाजारात आली आहे. कुणी आणली ते कळलं नाही. तिन्ही सोसायट्यांनी आपापली इंजिनं परत नेली. युसूफ वडगावचे एक शेतकरी गेली पंधरा वर्षं अब्बांकडं येतात, त्यांनीही त्यांचं इंजिन बैलगाडीत घातलं. चहा केला होता, तोसुद्धा घेतला नाही.

ते सगळं सोसलं असतं. पण अब्बांचा स्वतःवरचा भरवसा गेलाय. जीपचं हेड त्यांनी चार वेळा बसवलं आणि चार वेळा उतरवलं. प्रत्येक वेळी म्हणायचे, "जास्त आवळलं गेलं काय, बघ बेटा." मला काय कळतं बोल्टातलं? शेवटी गिऱ्हाइकाला म्हणाले, दुसरीकडं ने. पाने कपड्यानं पुसून पेटीत ठेवले आणि गॅरेजला कुलूप लावलं. दिवसभर ओट्यावर बसतात, हात मांडीवर उलटे-पालटे करून बघतात.

ते म्हणतात, गहिनी खोटं लिहिणार नाही, चीर आतच असेल, मला वाईट वाटू नये म्हणून तो काजळीचं निमित्त सांगतोय.

चाचा, तुम्हाला यापेक्षा जास्त काही माहीत असेल तर लिहा. नसेल तर माझ्या पत्राचं उत्तर नका देऊ.

फरीदा


उंबरवाडी
१४ मे १९७३

वाहेद,

फरीदाचं पत्र मिळालं. तिच्यावर रागावू नकोस. राग माझ्यासाठी ठेव, पुढं वाचलंस की तो लागेल.

चीर बाहेर आहे. उजव्या अंगाला, वीतभर. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कारण ती माझ्यादेखत गेली.

पाडव्याच्या दिवशी फोर्ड पहाटेपासून चालली होती. सणाचं पाणी जास्त लागतं म्हणून मी विसावा दिला नव्हता. हौद भरल्यावर बंद केली आणि पट्टा बघायला वाकलो. तेवढ्यात आई पायऱ्या उतरून आली. हातात हळदकुंकू आणि तांब्या. आमच्याकडं राबून आलेल्या बैलाच्या पायावर पाणी घालतात, तुला माहीत आहे. तिनं फोर्डला कुंकू लावलं, "दमलास रं माझ्या राजा" म्हणाली, आणि तांब्या इंजिनाच्या अंगावर रिकामा केला. पाणी माठातलं होतं, गारेगार. तिनं स्वतःच्या वाटणीचं दोन दिवस राखून ठेवलेलं. चर्र झालं, वाफ उठली, आणि आतून एक टणक आवाज आला. आई हसली. तिला वाटलं, यंत्राला बरं वाटलं.

मी कुंकू पुसलं आणि कुणाला काही बोललो नाही.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं होतं, हे खरं. पण पारावर, अकरा पुरुषांना. त्यातले नऊ जण बारवेत कधी उतरत नाहीत. उतरतात त्या बायका, आणि त्यांना सांगावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इंजिनाचं बायकांना काय सांगायचं, असं मनात होतं. म्हणजे आईच्या हातून झालं, पण केलं मी.

मग लोक चिडले. आईचं नाव घेतलं असतं तर ज्या बायकांबरोबर ती पाणी भरते त्यांनी तिला रोज टोचलं असतं, केसरबाईच्या घरच्यांनी तर उभं केलं नसतं. माझं नाव घेतलं असतं तर सेक्रेटरीपण गेलं असतं. तुझं नाव घेतलं तर तू दूर बीडला होतास. एवढं सोपं गणित मी केलं. ठराव मी एका बैठकीत, एकही शब्द न खोडता लिहिला, याची मला जास्त लाज वाटते. तू येऊ नये म्हणून लिहिलं ते लोकांच्या भीतीनं नव्हे. तू चिरेवर बोट फिरवलं असतंस आणि माझ्याकडं बघितलं असतंस.

आज आईला सगळं सांगितलं. तिनं मला काय सुनावलं ते लिहीत नाही. मग म्हणाली, "सभा लाव."

चोवीस तारखेला सभा लावली आहे. मला भीती वाटते. तरी लावली आहे.

गहिनीनाथ


उंबरवाडी
२६ मे १९७३

वाहेद बाबास, छबुबाईचा आशीर्वाद. लिव्हनार शहादेव मास्तर. म्या मास्तरला सांगितलंय, बोलते तसंच लिव्ह, साबनानं धुऊ नगंस.

बाबा, तुजं इंजिन म्या मारलं. मला ठाव न्हवतं. ठाव असतं तर म्या त्याच्यावर सावलीबी पडू दिली नसती. गहिनी म्हन्ला, तुजं पत्र पुरुषांना वाचून दाखवलं. म्या म्हन्लं, आरं, पानी कोन भरतं? पुरुष? मंग बायांला कावून न्हाई सांगितलं? म्या पोराच्या वयाकडं बघितलं न्हाई, एक ठेवून दिली.

सभा पारावर झाली. गहिनीचा बाप गेल्यावर सोसायटीचा शेर माज्या नावावर झालाय, म्हन्जे म्याबी सभासद हाय. इतकी वर्सं कदी गेलते न्हाई. परवा गेले. मोहनराव म्हन्ले, "छबुबाई, तुमी घरी जावा, गहिनी बोलंल." म्या म्हन्लं, "म्या शेरवाली हाय. बसती बी आन् बोलती बी." गहिनीनं आदी सांगितलं. घाबरलाता, पन सांगितलं, काय लपवलं न्हाई. मंग म्या उठले. म्हन्लं, तांब्या माजा, हात माजा, त्या मिस्त्रीनं बिचाऱ्यानं आपल्या गुरूची वस्तू काडून दिली, आन् आमी त्याचंच नाव बुडवलं. केसरबाई हात गळ्यात बांदून बसलीती. लई बोलली मला. म्या ऐकून घेतलं. तिचा हात मोडलाय, तिनं बोलावं.

मोहनराव म्हन्ले, झालं गेलं, आता कशाला लिव्हायचं. म्या म्हन्लं, वाईट लिव्हलंत तवा शाई हुती, आता कुटं आटली? तवा लिव्हलं. जुना ठराव खोडला. दोस मिस्त्रीचा न्हवता आसं लिव्हलं, सेक्रेटरीनं खोटं सांगितलं आसंबी लिव्हलं. नकला सगळ्या सोसायट्यांला धाडल्या. एक ह्या पाकिटात हाय.

गहिनीचं सेक्रेटरीपन काडून घेतलं. बरोबर केलं त्यांनी. त्यो आता दिवसभर बारवेवर असतो, बायांच्या घागरी वर आनून देतो. कुनी त्याच्याशी बोलत न्हाई. त्यो माजा ल्योक हाय, मला वाईट वाटतं, पन त्ये तुला सांगायला ह्ये पत्र न्हाई.

तू गॅरेजाचं कुलूप काड. आमी अडानी हाव, तुजा हात न्हाई चुकला.

छबुबाई


बशीरगंज, बीड
२ जून १९७३

गहिनी,

आज मी स्वतः लिहितोय. चुका असतील, वाचून घे.

आईला सलाम सांग. तिच्यावर माझा राग नाही. स्वतःच्या घोटाचं पाणी जिनं लोखंडाला दिलं तिच्यावर कोण रागावेल? फोर्ड गेली याचं दुःख आहे, ती उस्तादांची होती. पण इंजिनं फुटतात. माझ्या हातांनीसुद्धा फुटली आहेत.

राग तुझ्यावर आहे. खोटा ठराव लिहिलास त्याचा आहेच, पण त्याहून जास्त त्या काजळीचा आहे. मी तुला मिनिटभराचं काम विचारलं होतं. मी महिनाभर ओट्यावर बसून माझेच हात बघत होतो, आणि तुला माहीत होतं. तू माझ्या जागी असतास तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. मी तुला सांगितलं असतं. बस, एवढंच.

माफ केलं असं लिहावं म्हणून फरीदा मागं लागली आहे. ते अजून मनात आलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. नव्या ठरावाची नक्कल गॅरेजच्या दारावर चिकटवायची म्हणत होती, तेही मी नको म्हटलं. कुलूप मात्र काढलंय.

जीपवाला गिऱ्हाईक परत आला. त्याला डिझेल बसवायचंय, जुनं हरिकेन तो माझ्याकडं सोडून गेला. चार सिलिंडरचं आहे, फोर्डचा तोरा नाही, पण ते फार तापत नाही आणि राबायला खमकं आहे. मी उघडलं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या. हेड बसवलं. एकदाच बसवलं.

बुधवारी पेंडीच्या ट्रकनं तेलगावला उतरतो. बैलगाडी पाठव. पाऊस येईल तेव्हा येईल, त्या पायऱ्यांवरून आणखी कुणी पडायला नको. मी आल्या आल्या आधी बायकांना बारवेवर बोलाव, इंजिन कसं सांभाळायचं ते मी त्यांनाच समजावीन.

बसवायला दोन दिवस लागतील आणि पाना धरायला एक माणूस लागेल. तू ये. मी मागेन ते हातात दे, धर म्हणेन तिथं धर. माझ्याशी बोलू नको. मी बोलायला लागलो की मग बोल.

वाहेद